आधी लिहा, मग बोला

नववीच्या वर्गात ‘सहा-सहांचे गट करा आणि चर्चा करा’ असं सांगितलं की पुढच्या दहा मिनिटांत काय होणार हे बहुतेक शिक्षकांना तोंडपाठ असतं. बाकं फिरतात, आवाज चढतो. प्रत्येक गटात एक-दोघंच बोलत राहतात. जिचं अक्षर चांगलं तिच्या हातात कागद जातो आणि ती लिहिण्यापुरतीच उरते. दोघं मान डोलावतात, एखादा खिडकीबाहेर बघत बसतो. शेवटी गटप्रमुख उभे राहून मुद्दे वाचतात आणि दहाही गटांचे मुद्दे जवळपास तेच निघतात: जनजागृती करावी, फलक लावावेत, नियम कडक करावेत, दंड घ्यावा. मुलांना काही सुचत नाही किंवा ती टंगळमंगळ करतात म्हणून हे घडतं असं मला वाटत नाही. एकत्र बसून विचार कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. चार डोकी एका बाकाभोवती जमली की काहीतरी चांगलं आपोआप निघेल, हे आपणच गृहीत धरलेलं असतं.

या गृहीतकाची मानसशास्त्रज्ञांनी साठ-सत्तर वर्षं कसून तपासणी केली आहे. तिच्यातून जे हाती आलं ते शाळेच्या वर्गात उद्यापासून वापरता येईल इतकं साधं आहे.

गटाने कल्पना काढण्याची रीत ज्याच्या नावावर आहे तो अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न शिक्षक नव्हता, शास्त्रज्ञही नव्हता. तो जाहिरातवाला होता. बीबीडीओ या अमेरिकन जाहिरात कंपनीच्या नावातला शेवटचा ‘ओ’ त्याच्या आडनावाचा. माणूस कल्पना काढायला आणि तिची पारख करायला एकाच वेळी बसतो, आणि त्यात कल्पना जन्मायच्या आधीच मरते, हे त्याचं मुख्य म्हणणं होतं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने आपल्या कंपनीत वेगळ्या धाटणीच्या बैठका सुरू केल्या आणि १९५३ साली ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात ती पद्धत सविस्तर मांडली. तिलाच जग ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतं. नियम चार होते. बैठक चालू असताना कुणाच्याही कल्पनेवर टीका करायची नाही. कल्पना जितकी अचाट तितकी चांगली. कल्पनांची संख्या वाढवायची. आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची, दोन कल्पना जोडून तिसरी करायची. या रीतीने गटात बसलेल्या सामान्य माणसाला एकट्याने सुचतात त्याच्या दुप्पट कल्पना सुचतात, असा ऑसबॉर्नचा दावा होता.

कंपन्यांनी ही पद्धत उचलून धरली, पाठोपाठ शाळा-कॉलेजांनीही. दाव्याची परीक्षा घेतली ती येल विद्यापीठातल्या डोनाल्ड टेलर, पॉल बेरी आणि क्लिफर्ड ब्लॉक या तिघांनी. त्यांचा प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना चौघा-चौघांच्या गटात बसवलं, काहींना एकेकटं. प्रश्न सगळ्यांना सारखेच. त्यातला एक मोठा मजेशीर होता: यापुढे जन्मणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाताला एक जास्तीचा अंगठा असला तर काय फायदे-तोटे होतील? नंतर संशोधकांनी एकेकट्या बसलेल्यांतले चौघं-चौघं निवडून त्यांच्या कल्पना एकत्र केल्या आणि दोनदा आलेल्या एकदाच मोजल्या. म्हणजे हे गट फक्त कागदावरचे होते, त्यातले चौघं एकमेकांशी अक्षरही बोललेले नव्हते. तरीही खऱ्या गटांच्या जवळजवळ दुप्पट कल्पना या कागदी गटांच्या निघाल्या. दावा उलटाच झाला होता. पुढच्या दशकांत हा प्रयोग अनेकांनी अनेक प्रकारे करून पाहिला आणि कौल बहुतेक वेळा एकेकट्यांच्याच बाजूने पडला.

असं का व्हावं? याचं पटण्याजोगं उत्तर यायला १९८७ साल उजाडलं. जर्मनीतल्या ट्यूबिंगनचे मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी तीन संशयित तपासले. पहिला, फुकटेपणा: गटात कुणीतरी बोलतंयच, मग मी कशाला डोकं शिणवू? दुसरा, भीती: लोक काय म्हणतील? आणि तिसरा इतका साधा की तोवर तो कुणाला फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता. गटात एका वेळी एकच माणूस बोलू शकतो.

हा तिसरा संशयित पकडायला त्यांनी नामी युक्ती केली. माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि प्रत्येकापुढे दिवे ठेवले. दुसऱ्या खोलीतला माणूस बोलत असला की इथला दिवा लागायचा, आणि दिवा विझेपर्यंत आपण बोलायचं नाही. दुसऱ्यांचा आवाजही ऐकू येत नव्हता अशा खोल्यांतदेखील कल्पनांची संख्या खऱ्या गटांइतकीच घसरली. म्हणजे कुणाची लाज नाही, कुणाचा प्रभाव नाही; नुसती पाळी येण्याची वाट पाहणंच घात करत होतं. वाट पाहताना माणूस आपली कल्पना विसरू नये म्हणून मनातल्या मनात घोकत राहतो आणि घोकत असताना त्याला नवं सुचत नाही. किंवा पाळी येईपर्यंत ती त्याला फिकी वाटू लागते आणि तो गप्प बसतो. वर्गातल्या सहाजणांच्या गटात दहा मिनिटांची चर्चा झाली तर, अगदी समान वाटणी धरूनही, प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. उरलेली आठ मिनिटं तो विचार करत नसतो, थांबलेला असतो.

मोठ्यांच्या बाबतीत पहिला नंबर या थांबण्याचा असेल. किशोरवयात मात्र दुसरा संशयित, म्हणजे भीती, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. या वयातल्या मुलांना सवंगड्यांच्या नजरेचं वजन किती वाटतं हे मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५च्या प्रयोगातून दिसतं. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. सिग्नल पिवळा झाल्यावर आणखी किती पुढे जायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. एकटं असताना तेरा ते सोळा वर्षांची मुलं मोठ्या माणसांहून फार वेगळी खेळली नाहीत. शेजारी दोन मित्र उभे राहिले की मात्र त्यांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. मोठ्यांच्या खेळात मित्र असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही.

आता कुणी म्हणेल, मित्रांसमोर मुलं इतकी धाडसी होतात, तर मग वेगळी कल्पना मांडायला का कचरतात? माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. गाडी दामटली की मित्रांत भाव वधारतो, वर्गात वेगळं बोललं की तो घसरतो. उत्साहाने हात वर करणाऱ्याला ‘शायनिंग मारतोय’ म्हणतात, आणि एकदा चुकीचं काही बोललं की त्यावरून पडलेलं नाव दहावीच्या निरोप समारंभापर्यंत चिकटून राहतं. तेव्हा चौदा वर्षांच्या मुलीने आपल्याला सुचलेलं अर्धवट, वेडंवाकडं काहीतरी पाच जणांसमोर मोठ्याने बोलावं ही अपेक्षाच मुळी फार मोठी आहे. ‘कुणी हसायचं नाही’ एवढा नियम फळ्यावर लिहून ती पुरी होत नाही. हसू ओठांवर आलं नाही तरी डोळ्यांत दिसतंच.

हे सगळं वाचून गट मोडीत काढावेत असं वाटू शकतं. पण ऑसबॉर्ननेही गटाला एकट्याच्या विचाराचा पर्याय मानलेलं नव्हतं. आधी एकट्याने, मग गटात, मग पुन्हा एकट्याने, असा क्रम त्याने सुचवला होता. त्याच्या पद्धतीचा प्रसार करणाऱ्यांनी मधला भाग तेवढा उचलला. शिवाय गटाचं बळ कल्पनांच्या संख्येत नाहीच, ते दुसरीकडे आहे. अ‍ॅनिटा वुली आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ६९९ माणसांच्या लहान-लहान गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटातला सर्वांत हुशार माणूस किती हुशार आहे, यावर गटाची कामगिरी फारशी अवलंबून नव्हती. ज्या गटांत बोलण्याची वाटणी समसमान होती आणि ज्यांतल्या माणसांना समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव नीट ओळखता येत होते, ते गट सरस ठरले. मोजकेच जण बोलत राहिले तिथे गट मागे पडला. बोलण्याची वाटणी तर शिक्षकाला बदलता येते. तेव्हा मुलांना गटातच बसवायचं. फक्त पहिली दहा-पंधरा मिनिटं त्यांना बोलू द्यायचं नाही.

ते कसं करायचं हे एका प्रश्नाच्या आधाराने पाहू. समजा, शाळा एका तालुक्याच्या गावी आहे, वर्ग नववीचा, पट साठचा. पहिलं काम प्रश्न निवडण्याचं, आणि इथेच बहुतेक उपक्रम फसतात. ‘पर्यावरण कसं वाचवावं?’ असा प्रश्न दिला की निबंधाच्या पुस्तकातली उत्तरं येतात, कारण प्रश्नही तिथलाच असतो. प्रश्न मुलांच्या रोजच्या वाटेवरचा हवा, त्यांना मोजता येईल असा हवा आणि त्याच्या उत्तराचा निदान थोडा भाग त्यांच्या हाताने घडवता यायला हवा. आपण घेऊ: शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर होणारी कोंडी. रिक्षा, व्हॅन, पालकांच्या स्कूटर, मुलांच्या सायकली, भेळेची गाडी आणि त्यातून हॉर्न देत वाट काढणारी एसटी.

कल्पनांना हात घालण्याआधी मुलांना फाटकावर पाठवावं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची शिस्त मला यासाठी फार आवडते. १९९३पासून देशभर चालणाऱ्या या उपक्रमात १० ते १७ वर्षांची मुलं आपल्या परिसरातला प्रश्न घेतात, माणसांशी बोलतात, मोजमाप करतात आणि मग उपायाकडे वळतात. आपल्या नववीनेही तीन दिवस मोजावं: पाच वाजून पंचवीस मिनिटांनी किती रिक्षा उभ्या असतात, किती पालक येतात, गर्दी ओसरायला किती वेळ लागतो. मोजता मोजता प्रश्नाचं रूप बदलतं. बरेच पालक दूरवरून नव्हे, पंधरा मिनिटांच्या अंतरावरून येतात असं दिसलं, तर ‘कोंडी कशी सोडवावी?’ या जागी ‘पालकांना फाटकापर्यंत यावंच का लागतं?’ हा प्रश्न येतो, आणि तो कितीतरी कसदार आहे. सर्जनशीलतेवरच्या चाचण्यांसाठी ओळखले जाणारे ई. पॉल टॉरन्स यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात शाळकरी मुलांसाठी ‘फ्यूचर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या सहा पायऱ्यांपैकी पहिल्या दोन उपायांच्या नाहीतच. अडचणी शोधायच्या आणि त्यांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न निवडायचा, एवढंच तिथे करायचं असतं. त्यानंतर कुठे तिसऱ्या पायरीवर कल्पना येतात.

प्रश्न फळ्यावर लिहून झाला की शिक्षकाच्या तोंडी एक शब्द येतोच: ‘उदाहरणार्थ’. तो गिळावा. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना न सांडणारा कॉफीचा कप कल्पायला सांगितलं होतं. काहींना नमुन्यादाखल एक रचना दाखवली. तिच्यात स्ट्रॉ होता आणि स्ट्रॉ वापरायचा नाही असं स्पष्ट बजावलं होतं. तरी नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत स्ट्रॉ डोकावलाच. अभियांत्रिकी शिकणाऱ्यांची ही गत, तर ‘उदाहरणार्थ, आपण वॉचमन वाढवू शकतो’ हे सरांच्या तोंडून ऐकलेली नववीची मुलं वॉचमनपलीकडे जातील कशी? सरांनी उदाहरण दिलं म्हणजे सरांना हवं ते उत्तर कळलं, असंच मुलं समजतात. इतक्या वर्षांच्या ‘अपेक्षित प्रश्नसंचां’नी त्यांना तेच शिकवलेलं आहे.

आता कागद वाटायचे. पाठकोरे चालतील. बर्न्ड रोरबाख या जर्मन माणसाने १९६८ साली मांडलेली ‘६-३-५’ नावाची रीत आपल्याला इथे उपयोगी पडते. सहा जण गोल बसतात. प्रत्येकाने आपल्या कागदावर पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद उजवीकडच्याला द्यायचा. त्याने त्या वाचून त्यांच्याखाली आणखी तीन लिहायच्या: वरच्यांना फाटा फोडून, त्यांत भर घालून किंवा अगदी नव्या. सहा फेऱ्यांत कागद पूर्ण फिरतो आणि अर्ध्या तासात १०८ नोंदी होतात. आपली तासिका पस्तीस मिनिटांची, म्हणून तीन फेऱ्यांवर थांबलं तरी प्रत्येक गटाच्या ५४ होतात. या काळात वर्गात कुणी बोलत नाही. कुणाला पाळीची वाट पाहावी लागत नाही, कुणाचा चेहरा बघावा लागत नाही, आणि जिला सगळे फक्त सुंदर अक्षरासाठी ओळखतात तिलाही इतरांइतक्याच तीन ओळी मिळतात. कागदावर नाव घालायचं नाही, हे महत्त्वाचं. अक्षर ओळखू येण्याची भीती असेल तर सगळ्यांनी ठळक छापील वळणाचं लिहावं.

पहिल्या फेरीत येईल ते नेहमीचंच: वॉचमन ठेवा, पोलिस बोलवा, फाटक मोठं करा. त्याने शिक्षकाने खट्टू होऊ नये. वरवरचं आधी निघून जावं लागतं. कल्पनांच्या ओघात नंतर येणाऱ्या कल्पना जास्त वेगळ्या असतात, हे १९५०च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसून आलेलं आहे. गंमत अशी की माणसाला स्वतःविषयी नेमकं उलट वाटतं. ब्रायन लुकास आणि लोरन नॉर्डग्रेन यांनी २०२०च्या अभ्यासात दाखवलं की वेळ जाईल तसतशी आपली प्रतिभा आटत चालली आहे असा लोकांचा समज असतो, प्रत्यक्षात ती टिकून राहते किंवा वाढते. तेव्हा ‘सर, आता काही सुचत नाही’ हे वाक्य कानी पडलं की काम संपलेलं नाही, खरं काम आता सुरू होतंय. ती शांतता शिक्षकालाही झेपत नाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास मोजलं तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं निघालं. तीन सेकंद थांबायला शिकलेल्या शिक्षकांच्या वर्गात उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. इथे तर पाच मिनिटं थांबायचंय. घड्याळाकडे बघत, बाकांमधून हळूहळू फिरत, कुणाच्याही कागदावर वाकून ‘वा!’ न म्हणता. एका कल्पनेला शाबासकी मिळाली की बाकीचे लगेच तिच्या मागे धावतात.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कागद कसे बदलतात ते पाहण्यासारखं असतं. कुणीतरी पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं, ‘शाळेच्या गच्चीवरून दोरीने घसरत घरी जायचं.’ समोरासमोर बोलताना असं कुणी म्हटलं असतं तर गट हसला असता आणि विषय संपला असता. कागदावर ते वाचणाऱ्याला त्याखाली काहीतरी लिहिणं भाग आहे. तो लिहितो, ‘गच्चीवरून नको, पण फाटकाखेरीज दुसरी वाट हवी.’ तिसरा लिहितो, ‘मैदानामागच्या भिंतीला पूर्वी दार होतं, ते उघडा, सायकली तिकडून काढा.’ ऑसबॉर्नने अचाट कल्पनांना मुद्दाम आवतण का दिलं ते इथे कळतं. गच्चीवरच्या दोरीत दुसऱ्या वाटेची गरज दडलेली होती. दुसऱ्या एका कागदावर ‘दप्तरं शाळेतच ठेवायची’ असं आलेलं असतं. आळशीपणाच वाटावा असं. पण पुढचा लिहितो की त्याचे बाबा केवळ दप्तराच्या ओझ्यापायी स्कूटर घेऊन येतात, दप्तर हलकं झालं तर तो चालत जाईल. ही माहिती शिक्षकाकडे नव्हती, बाजूच्या बाकावरही नव्हती. गटाचं खरं धन हेच: प्रत्येकाचं घर वेगळं, रस्ता वेगळा.

पुढच्या तासिकेला मुलांना बोलू द्यावं, आणि मनसोक्त. कल्पना कापून चिठ्ठ्या कराव्यात आणि बाकावर पसराव्यात. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी नेपाळसारख्या ठिकाणच्या क्षेत्रकार्यात जमणाऱ्या ढीगभर टिपणांतून अर्थ काढण्यासाठी जी चिठ्ठ्यांची पद्धत बसवली, ती इथे कामी येते. आधी मथळे ठरवून चिठ्ठ्या त्यांत कोंबायच्या नाहीत. एकमेकींजवळ जाव्याशा वाटणाऱ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवत जायचं आणि ढीग झाला की मग त्याला नाव द्यायचं. या कामात मुलं उभी राहतात, वाकतात, भांडतात. ‘ही इकडे नाही, तिकडे’ म्हणताना एरवी तोंड न उघडणारा मुलगाही हात पुढे करतो, कारण आता त्याला भाषण करायचं नसतं, चिठ्ठी सरकवायची असते.

टीकेचं काय? ऑसबॉर्नचा पहिला नियम अनेकांनी वेदवाक्य मानला. शार्लन नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आणि पॅरिसमध्ये केलेला, २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं सांगतो. योगायोगाने त्यांचा प्रश्नही वाहनांच्या कोंडीचाच होता. ज्या गटांना ‘वाद घाला, टीकासुद्धा करा’ असं सांगितलं होतं त्यांच्या कल्पना टीका टाळणाऱ्या गटांहून कमी पडल्या नाहीत, उलट जास्तच आल्या. हे निष्कर्ष मोठ्यांचे आहेत आणि नववीच्या वर्गाला ते पहिल्याच दिवशी लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पण टीका कायमची हद्दपार करणं ही मुलांची फसवणूक आहे. त्यांना टीका झेलता आणि करता आली पाहिजे. म्हणून ती पुढे ढकलायची आणि मग रीतसर शिकवायची. चिठ्ठ्या निनावी असल्याने वार माणसावर पडत नाही, हा मोठाच आधार. टीका प्रश्नाच्या रूपात करायची: हे पावसाळ्यात चालेल का? पैसे कोण देईल? याचा त्रास कुणाला होईल? भेळवाल्या मावशींची गाडी हलवायची म्हणता, मग त्यांच्या धंद्याचं काय? आणि खोट काढणाऱ्याने ती भरून काढणारी एक ओळ त्याच चिठ्ठीवर लिहायची. एवढी एक अट घातली की खिल्ली उडवणं आपसूक कमी होतं.

निवडीची पायरी घाईने उरकली जाते आणि तिथे बरीच मेहनत वाया जाते. एरिक रीट्झशेल, बर्नार्ड नाइस्टॅड आणि श्ट्रोबे यांच्या २००६च्या अभ्यासात, भरपूर कल्पना काढणाऱ्यांनाही त्यांतल्या चांगल्या हुडकून काढणं जमलं नाही असं दिसलं. माणसं सहज जमण्याजोगं आणि ओळखीचं ते उचलतात. तेव्हा ५४ चिठ्ठ्या जमवून शेवटी ‘वॉचमन ठेवा’ हीच निवडली जाण्याचा धोका खराच आहे. हात वर करून मतं घेतली तर तो आणखी वाढतो, कारण हात वर करताना प्रत्येकाचं लक्ष मित्राच्या हाताकडे असतं. त्यापेक्षा प्रत्येकाने गुपचूप दोन खुणा कराव्यात: एक लगेच करता येईल अशा कल्पनेवर, दुसरी पूर्वी कधीच ऐकली नव्हती अशा कल्पनेवर. दोन्ही प्रकारची वरच्या क्रमांकाची एकेक कल्पना घेऊन त्यांची जोड लागते का ते बघावं. टॉरन्स यांच्या कार्यक्रमात तर कसोट्याही मुलांनीच ठरवायच्या असतात. कोणता उपाय स्वस्त, कोणता लवकर होणारा, कोणता लहान मुलांना सुरक्षित, असा तक्ता आखून प्रत्येक कल्पनेला गुण द्यायचे. आपल्या शाळांत गुण देण्याचा अधिकार कायम शिक्षकाकडे असतो. तो एकदा मुलांच्या हाती देऊन बघावा. कल्पनांना शिक्षकाने मात्र गुण देऊ नयेत. प्रकल्पाचे गुण मिळणार म्हटलं की मुलं सुरक्षित तेच लिहितात.

आणि मग करून बघायचं. अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेच्या किरण बीर सेठी यांनी २००९ साली सुरू केलेल्या ‘डिझाइन फॉर चेंज’ या उपक्रमात जाणवणं, कल्पना करणं, कृती करणं आणि सांगणं असे चार टप्पे आहेत. अनेक देशांतल्या मुलांनी ते वापरले आहेत. महाराष्ट्रातही याचं भक्कम उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला तो हाताने काम करत शिकण्याच्या विश्वासावर. त्यांच्या प्रयत्नांतून ग्रामीण शाळांत आलेल्या तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस शेती, वीज, वेल्डिंग, बांधकाम अशी कामं करतात आणि गावाला लागणाऱ्या सेवा पुरवतात. ज्या मुलीने एकदा स्वतः लोखंड कापलंय, ती मागच्या भिंतीतल्या दाराविषयी वेगळ्या अधिकाराने बोलते. बिजागरी कुठे लागेल, खर्च किती येईल, हे तिला ठाऊक असतं.

आपल्या शाळेने आठवडाभराचा प्रयोग ठरवला असं धरू: पाचवी-सहावी दहा मिनिटं आधी सुटणार, सायकली मागच्या दाराने निघणार, पालकांनी मारुतीच्या देवळापाशी थांबायचं. मुख्याध्यापकांची परवानगी मुलांनी स्वतः जाऊन मागावी, आकडे दाखवून. आठवडाभर पुन्हा तीच मोजणी करावी. काहीतरी बिनसणारच. पाचवीतली धाकटी बहीण आधी सुटली आणि तिला घरी नेणारा नववीतला भाऊ अजून वर्गात आहे, ही अडचण पहिल्याच दिवशी पुढे येईल. ती योजनेचा पराभव समजून कागद गुंडाळू नयेत. हा नवा, आधीपेक्षा नेमका प्रश्न आहे, आणि तो कोऱ्या कागदाच्या माथ्यावर लिहून फिरवावा. या वेळी रोज तिथे उभ्या असणाऱ्या रिक्षावाल्या काकांपैकी एखाद्याला आणि भेळवाल्या मावशींना वर्गात बोलवावं, मुलांच्या गोलात बसवावं आणि त्यांच्याही हातात तीन ओळींचा एक कागद द्यावा.